आठ बादल्या, दोन तास

दिवाळीच्या आधी बंब चिंचेने घासायला काढावा आणि बुडाशी ओल दिसावी, असं खाप्यातल्या एखाद्या मोठ्या घरात कधी ना कधी होतंच. डाख देऊन एक हिवाळा निघतो, फार तर दोन. मग घरातला कोणी तरी म्हणतो, आता गिझर घेऊन टाकू. इथवर सगळ्यांचं एकमत असतं. त्यानंतर सावनेरच्या किंवा नागपूरच्या दुकानात जे होतं, त्यात घरातल्या आंघोळींचा विचार सगळ्यात कमी असतो.

खापा हे सावनेर तालुक्यातलं, कन्हान नदीच्या काठचं नगर परिषदेचं गाव. विणकरांचं म्हणून जुनं नाव, जवळच गुमगावची मँगनीजची खाण, भोवती कापूस आणि संत्री. अशा गावातल्या आठ माणसांच्या घराची सकाळ डोळ्यांसमोर आणावी. एक जण खाणीत पहिल्या पाळीला जातो, दोन मुलं आधी शिकवणीला आणि मग शाळेला, एकाला नागपूरची गाडी धरायची असते, आजीला पूजेच्या आधी न्हायचं असतं आणि दोन सुनांचा नंबर नेहमी शेवटचा. सहा ते आठ या दोन तासांत आठ आंघोळी. हे गणित बंबाने पिढ्यान्‌पिढ्या सोडवलं, म्हणून त्याची जागा घेणाऱ्या यंत्राला आधी बंब काय करत होता ते विचारायला हवं.

बंबाची रचना साधी दिसते, पण ती हुशारीची आहे. मधून विस्तवाची नळी, खाली जाळी, वर धुराडं आणि नळीभोवती पाणी. पुष्कळ बंबांत वरच्या नरसाळ्यातून ओतलेलं गार पाणी थेट तळाशी जातं आणि वरचं तापलेलं पाणी तोटीतून बाहेर ढकलतं. जेवढं घालाल तेवढंच मिळेल. त्यामुळे बंब कधी रिकामा होत नाही आणि त्याचा डाख वितळत नाही. आजच्या साठवणीच्या गिझरमध्येही हेच चालतं: गार पाणी खालून शिरतं, गरम वरून निघतं. फरक आहे तो विस्तवाच्या जोराचा. पऱ्हाट्या, तुराट्या किंवा बाभळीचं लाकूड रसरसून पेटलं की बंबातलं पाणी पुढच्या माणसाचे कपडे शोधून होईस्तोवर पुन्हा तापतं. आठ आंघोळींना साधारण तीन-चार किलो सरपण लागतं. शेत असलेल्या घराला ते जवळजवळ फुकट पडतं. सांदवाडीत पहाटे पाच वाजता धूर खात बसणाऱ्या बाईच्या वेळेचा हिशेब कोणी मांडत नाही, हे वेगळं.

दुकानात मात्र विचारणा सुरू होते ती लिटरपासून. ‘काकाजी, आठ माणसं म्हणजे पन्नास लिटर तरी पाहिजेच.’ मग आठ बारच्या दाबाचं कौतुक, मग टाकीच्या आतल्या काचेच्या लेपाचं, मग रंगाचं. यातला दाबाचा मुद्दा खाप्यातल्या घराला जवळपास लागूच नाही. पाण्याची टाकी नळाच्या जितकी वर, तितका दाब. दहा मीटर उंचीला एक बार. एकमजली घराच्या गच्चीवरची टाकी नळापासून तीन-चार मीटर वर असते, म्हणजे तिथे अर्धा बारही नाही. आठ बार सोसणारी टाकी उंच इमारतीसाठी किंवा दाब वाढवणारा पंप बसवलेल्या घरासाठी. तिचे जादा पैसे मोजायची इथे गरज नाही.

लिटरचं गणित याहून महत्त्वाचं, आणि ते कागदावर सहज मांडता येतं. जानेवारीच्या पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पंधरा अंशांच्या आसपास असतं. अंगाला सोसेल असं पाणी चाळीस अंशांचं. म्हणजे वीस लिटरच्या बादलीला पंचवीस अंश चढवायचे, त्याला पाचशे किलोकॅलरी उष्णता. विजेच्या भाषेत ०.५८ युनिट. आठ बादल्यांना साडेचार युनिटांहून थोडं जास्त. वाया जाणारी उष्णता धरली तर पाच.

आता पंचवीस लिटरचा, दोन किलोवॉटचा नेहमीचा गिझर घेऊ. त्यातलं पाणी साठ अंशांवर गेलेलं असेल तर विसण घालून त्याचं पंचेचाळीस लिटर होतं, म्हणजे सव्वादोन बादल्या हाताशी तयार. त्यापुढे दोन किलोवॉटची कॉइल तासाला साधारण साडेतीन बादल्या तापवत जाते. उरलेल्या पावणेसहा बादल्यांना एक तास चाळीस मिनिटं. पहाटे सव्वापाचला बटण दाबलं, सहाला पहिली आंघोळ झाली, तर आठच्या आत शेवटची बादली भरते. पन्नास लिटरचा घेतला असता तर काय झालं असतं? सुरुवातीच्या बादल्या साडेचार झाल्या असत्या, पण पहिल्यांदा तापायला सव्वा तासाच्या वर लागला असता, आणि कॉइल दोनच किलोवॉटची असल्याने पुढचा वेग तोच राहिला असता. पहाटे साडेचारला बटण दाबायला उठणार कोण, हा प्रश्न दुकानदाराला पडत नाही.

हे सगळं बादलीच्या भरवशावर आहे, हे मात्र ध्यानात ठेवावं. शॉवरखाली उभं राहून न्हाणारा माणूस सहज पन्नास लिटर पाणी वापरतो. नव्या टाइल्सच्या बाथरूममध्ये शॉवर बसवला की आठ माणसांच्या घराचं गणित एका रात्रीत वीस बादल्यांवर जातं आणि मग पंचवीस काय, पन्नास लिटरही पुरत नाही. गिझर मोठा घेण्यापेक्षा बादली राखणं स्वस्त. परंपरेचं प्रेम बाजूला ठेवलं तरी हा नुसता हिशेब आहे.

भिंतीला चिकटवलेला तीन लिटरचा ‘इन्स्टंट’ गिझर दिसायला सुटसुटीत आणि किमतीला हलका, म्हणून बरीच घरं त्याच्याकडे वळतात. तीन किलोवॉटची कॉइल मिनिटाला पावणेदोन लिटरपेक्षा जास्त न्हायचं पाणी देऊ शकत नाही. बादली भरायला बारा मिनिटं. स्वयंपाकघरातल्या भांड्यांना तो उत्तम. आठ जणांच्या न्हाणीत तो रोज भांडण लावील.

बंबाच्या जोराची बरोबरी करणारं घरगुती यंत्र एकच आहे, ते म्हणजे गॅस गिझर. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवणारा गॅस गिझर सुमारे साडेदहा किलोवॉट उष्णता ओततो. तेवढी वीज साध्या सिंगल फेज जोडणीच्या घराला झेपणारी नाही. बादली साडेतीन मिनिटांच्या आत भरते. वीज गेली तरी दोन सेलवर ठिणगी पडते. आणि खर्चही कमी: १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जवळपास अडीचशे बादल्या निघतात. सिलिंडर नऊशे रुपयांचा धरला तर बादली साडेतीन-पावणेचार रुपयांची. विजेचा दर सगळे आकार धरून दहा रुपये युनिट मानला तर तीच बादली सव्वासहा-साडेसहा रुपयांना पडते. थंडीचे एकशे वीस दिवस, रोज आठ बादल्या: गॅसचे साडेतीन हजार, विजेचे सहा हजारांच्या थोडे वर. हिवाळ्यामागे अडीच हजारांचा फरक. हा आकडा लहान नाही, म्हणून गॅस गिझर विकला जातो, आणि केवळ हिशेब पाहिला तर तो योग्यच ठरतो.

पण तो बसवला जातो कुठे? अडचण तिथे आहे. बंब सांदवाडीत किंवा अर्ध्या उघड्या न्हाणीत असायचा, धूर आपोआप निघून जायचा. घर नव्याने बांधताना न्हाणीची बाथरूम झाली: चार भिंती, घट्ट बसणारं दार, हातभर झरोका आणि थंडीत तोही पुठ्ठा लावून बंद. त्या खोलीत जळणारा गॅस आधी हवेतला ऑक्सिजन खातो आणि मग अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड सोडतो. याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरतो. माणसाला गुदमरल्याचं कळत नाही, नुसती झोप येते. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत एक शाळकरी मुलगी अशा न्हाणीघरात दगावली. मार्च २०२३ मध्ये होळीच्या सणात घाटकोपरला एक दांपत्य बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हाही संशय गॅस गिझरवरच गेला. बातमी आली की आठवडाभर चर्चा होते. पुढच्या थंडीत प्लंबर पुन्हा बाथरूमच्या आतच खिळे ठोकतो, कारण पाइप कमी लागतो.

ही चूक गिझरइतकीच जुनी आहे. लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन याने १८६८ मध्ये न्हाणीघरासाठी गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं, तेव्हा त्यालाही धूर बाहेर नेणारं नळकांडं नव्हतं. दीडशे वर्षं उलटली तरी आपल्याकडे तोच प्रयोग सुरू आहे. घरात गॅस गिझर घ्यायचाच असेल तर तो बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, उघड्या पडवीत लावावा आणि तापलेलं पाणी पाइपने आत आणावं. चार-पाच मीटर पाइपचा खर्च सोडून बाकी काही अडत नाही. आणखी एक अडचण दुकानात कोणी सांगत नाही. गॅस गिझर पेटायला पाण्याचा काही किमान दाब लागतो. टाकी नळापासून जेमतेम दोन मीटर वर असली तर तो पेटतच नाही, किंवा मध्येच विझतो. मग यंत्राला नावं ठेवत पंप बसवला जातो. विकत घेण्याआधी टाकीची उंची मोजायला एक टेप पुरते.

आता सौरऊर्जेचं. पुण्यात, बंगळुरूत गच्चीगच्चीवर सोलर वॉटर हीटर दिसतात, मग विदर्भात तर ऊन भरपूर, इथे का नाहीत? उत्तर त्या उन्हातच आहे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांपर्यंत खाली आला होता. एवढ्या मोठ्या फरकाच्या मुलखात उन्हाळ्यात पाणी तापवायचं नसतं, निववायचं असतं. काळ्या टाकीतल्या पाण्याने मे महिन्याच्या दुपारी हात भाजतो. म्हणजे सोलर हीटर जेव्हा सगळ्यात जोमात काम करतो, तेव्हा घराला त्याचा काडीचा उपयोग नाही. पुण्या-बंगळुरूसारख्या बेताच्या हवेच्या शहरात लोक जवळपास बारमाही गरम पाण्याने न्हातात. खाप्यात खरी गरज चार महिन्यांची, आणि म्हाताऱ्या-लेकरांसाठी पावसाळ्यातले काही दिवस. दोनशे लिटरच्या संचाला तीस हजार रुपये धरले आणि तो विजेच्या गिझरऐवजी लावला, तर पैसे वसूल व्हायला पाच वर्षं लागतात. गॅसऐवजी लावला तर आठ-नऊ. त्यात फेब्रुवारी-मार्चची गारपीट आणि गच्चीवरून उड्या मारणारी वानरं, आणि वर काचेच्या नळ्या. कोणी हा हिशेब हौसेने सोडवला तर त्याचं अभिनंदन, पण बंबाला हा पर्याय म्हणून सरसकट सुचवणं बरोबर नाही.

गच्चीवर पैसा घालायचाच असेल तर तो वीज तयार करणाऱ्या पॅनलमध्ये घालावा, हे मत इथे ठामपणे मांडायला हवं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. छतावरच्या घरगुती सौर संचांत नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे, ते उगाच नाही. एक किलोवॉटचा संच महिन्याला सुमारे १२० युनिटं देतो. हीच वीज उन्हाळ्यात कूलर फिरवते आणि थंडीत गिझर तापवते. सोलर हीटरसारखी आठ महिने रिकामी बसत नाही. शिवाय नेट मीटरिंगमध्ये उरलेली युनिटं आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत पुढच्या महिन्यांत वळती होतात. पावसाळा सरल्यावर, कूलर बंद आणि गिझर अजून सुरू नाही अशा दिवसांत साठलेली युनिटं डिसेंबर-जानेवारीच्या आंघोळींना कामी येतात. ज्यांची गच्ची स्वतःची नाही किंवा घरावर कवेलू आहेत, त्यांना हे लागू नाही, आणि अशी घरं खाप्यात थोडी नाहीत.

पॅनल नसलेल्या घरात वीज वापरून पाणी तापवणं ही इंधनाच्या दृष्टीने तशी उधळपट्टीच. त्यासाठी लांब जायला नको. याच तालुक्यात खापरखेड्याचं १३४० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. तिथल्या खऱ्याखुऱ्या बॉयलरमध्ये कोळसा जाळून वाफ होते, वाफेची वीज होते, आणि कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग तारेत उतरतो. ती वीज पुन्हा कॉइलमध्ये घालून आपण तिची उष्णता करतो. एका बादलीसाठी तीन बादल्यांचा कोळसा. हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणारा हीट पंप हा तोटा भरून काढतो, एका युनिटात तीन युनिटांचं काम करतो. हॉटेलं, वसतिगृहं, रुग्णालयं यांनी तो जरूर घ्यावा. चार महिन्यांच्या आंघोळीसाठी घरगुती हीट पंपाची आजची किंमत मात्र परवडणारी नाही. महावितरणने जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत दिली आहे, तिचाही आंघोळीला उपयोग नाही. खाणीतला माणूस नऊ वाजता न्हाऊन कसा चालेल?

तेव्हा खाप्यातल्या आठ माणसांच्या घराने काय घ्यावं? पंचवीस लिटरचा, जास्तीत जास्त तारे असलेला, आयएस २०८२ मानकाचा विजेचा गिझर. ताऱ्यांना इथे अर्थ आहे: ते कॉइलची ताकद सांगत नाहीत, साठलेलं पाणी किती हळू निवतं ते सांगतात. आजीची आंघोळ पहिली, सुनेची शेवटची, आणि मधल्या वेळेत उष्णता भिंतीत जिरायला नको असेल तर तो पैसा वाया जात नाही. हिवाळ्यामागचे अडीच हजार वाचवायचे असतील आणि पडवीत उघडी भिंत असेल, तर गॅस. तशी भिंत नसेल तर गॅसचं नावही काढू नये.

गिझरच्या किमतीइतकंच लक्ष दोन गोष्टींकडे द्यावं, आणि दोन्ही दुकानात मिळत नाहीत. पहिली, पाणी. नळाला येणारं पाणी आणि बोअरचं पाणी यांत फरक असतो. बोअरचं पाणी जड असलं तर कॉइलवर पांढरा थर चढतो, तिला पाणी तापवायला जास्त वेळ लागतो आणि शेवटी ती जळते. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. पत्र्याऐवजी ती झिजावी अशी सोय आहे. दोन-तीन वर्षांनी ती बदलली तर टाकी टिकते. बहुतेक घरांत ती कांडी आहे हेच टाकी गळायला लागल्यावर कळतं.

दुसरी, अर्थिंग. दोन किलोवॉटचा गिझर जवळपास नऊ अँपिअर ओढतो. त्याला जाड तार, सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंट आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारा आरसीसीबी हवा. जुन्या घरात पंख्या-दिव्यांसाठी ओढलेल्या तारेवर गिझर लावणं म्हणजे भिंतीत विस्तव पुरणं. बिलावर मंजूर भार किती लिहिलाय तेही पाहावं. गिझर आल्यावर तो वाढवून घ्यावा लागू शकतो. बंब फुटल्यापासून गिझर येईपर्यंतच्या मधल्या दिवसांत बादलीत जो रॉड सोडला जातो, तो सगळ्यात घातकी. आयएस ३६८ चा शिक्का असलेला रॉडही प्लास्टिकच्या बादलीत, बटण बंद करून प्लग काढल्यानंतरच पाण्याला हात, एवढं पाळलं तरच वापरावा. लहान मुलं असतील तर नकोच.

सरकारी पातळीवर करण्याजोगी एक गोष्ट अगदी हाताशी आहे. गॅस वितरकाचा माणूस ठरावीक वर्षांनी शेगडी, नळी आणि रेग्युलेटर तपासायला घरी येतो. त्याच्या कागदावर ‘गॅस गिझर आहे का, असल्यास बाथरूमच्या आत की बाहेर’ अशी एक ओळ वाढवावी, आणि तो आत असेल तर बाहेर काढेपर्यंत तपासणी पूर्ण धरू नये. नगर परिषदांनी घराच्या नकाशाला मंजुरी देताना न्हाणीघराचा झरोका कागदावर पाहण्यावर थांबू नये, बांधकाम झाल्यावर तो खरोखर उघडतो का तेही पाहावं. दोन्हीसाठी नवी यंत्रणा, नवी योजना, नवं अनुदान काहीही लागत नाही. ही तपासणी ऑक्टोबरात, दुकानांत गिझरची गर्दी सुरू होण्याआधी उरकली, तर प्लंबरला भिंतीत भोक पाडण्याआधीच ते कुठे पाडायचं हे कळलेलं असेल.